मे महिन्यातलं उणे ७८

बाहेर सोलापूरचं ४३ अंशांचं ऊन आणि फ्लास्कमध्ये उणे सत्तरच्या खालचं तापमान टिकवायचं! चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी ब्यूटाइल लिथियम या अतिशय क्रियाशील रसायनाची रिअ‍ॅक्शन होती. गार ठेवायला लागणारा ड्राय आइस, म्हणजे उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड, पुण्याहून येतो. वाटेत टेंभुर्णीजवळ गाडी बंद पडली. थर्माकोलचा खोका हातात आला तेव्हा निम्मा माल उडून गेलेला. तो वितळत नाही ना, थेट वायूच होतो.

"मॅडम, उद्यावर ढकलायचं का?" ट्रेनी मुलीने विचारलं.

"उद्यापर्यंत आहे तोही राहायचा नाही गं."

ड्राय आइस अ‍ॅसिटोन या द्रावकात सोडून गार बाथ करायचा आणि त्यात फ्लास्क ठेवायचा. स्टोअरमधून आलेलं अ‍ॅसिटोन ३८ अंशांवर होतं. ते तसंच वापरलं असतं, तर किलोमागे साडेचारशे ग्रॅम ड्राय आइस नुसतं अ‍ॅसिटोन गार करण्यातच संपला असता. म्हणून आधी बर्फ कुटला, तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातलं आणि अ‍ॅसिटोनची बाटली त्यात उणे १० पर्यंत उतरवली. आता किलोला अडीचशेच्या आसपास पुरणार होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही पायरी मी कधीच गाळू देत नाही.

मग फ्यूम हुडात, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, जाड हातमोजे घालून एकेक खडा सोडायला लागलो. खडा पडला की अ‍ॅसिटोन दुधासारखं उतू यायला बघतं. फेस बसेपर्यंत थांबायचं, मगच पुढचा. मुलीचा हात घाई करत होता. मी तिचं मनगट धरूनच दोन-तीन खडे टाकून घेतले. शेवटी खडे तळाशी नुसते पडून राहिले, बारीक बुडबुडे सोडत. बाथ तयार.

पाऱ्याचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, पारा उणे ३९ च्या सुमारास गोठतो. आम्ही डिजिटल प्रोब थेट रिअ‍ॅक्शनमध्येच बुडवला. बाथ उणे ७७ दाखवत असला तरी आत ब्यूटाइल लिथियमचे थेंब पडले की उष्णता निघते. आत उणे ७३ होतं ते बघता बघता उणे ६५ वर आलं. "थांब!" म्हटलं. ती थांबली, आणि आकडा परत उतरेपर्यंत श्वास रोखून प्रोबकडे बघत राहिली. पुढचे थेंब तिने माझ्या सांगण्याशिवाय, प्रोब बघूनच सोडले.

टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळे दाखवणाऱ्या चाचणीत, एकच स्वच्छ स्पॉट आला. उरलेला ड्राय आइस हुडात उघडाच ठेवायला सांगितला. घट्ट झाकण लावलं तर डबा फुटतो.