सरव्याची सवय

‘पेन्शन आहे, मुलं कमावती आहेत, मग मोकळ्या प्लॉटमधली घोळीची रानभाजी खुडत कशाला बसता, वहिनी?’ साताऱ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षातून एकदा तरी मला हे कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याला माझी काळजी असते, हे मला कळतं. शेजारच्या काकी, गेल्या आठवड्यात तुम्हीच मला जिन्यात थांबवून विचारलंत. तेव्हा हातात पिशव्या होत्या, नीट सांगता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सांगते.

माझं माहेर माण तालुक्यातलं. कोरडवाहू दोन एकर, त्यात ज्वारी, मटकी, हुलगा. बाजारातून मीठ, गूळ आणि चहापत्ती यायची. भाजी विकत आणलेली मला आठवत नाही. ती बांधावरून यायची, आणि शेंगा सरव्यातून.

सरवा म्हणजे मालकानं पीक काढून नेल्यावर रानात जे उरतं, ते वेचणं. भुईमूग उपटला की थोड्या शेंगा मातीतच राहतात. पण मालकाचं शेवटचं ओझं घरी गेल्याशिवाय रानात पाय ठेवायचा नाही. आई आदल्या दिवशी बांधावर उभी राहून विचारायची, ‘आबा, सरव्याला यावं का?’ आबा म्हणायचे, ‘परवा या, अजून वरचं वावर उपटायचंय.’ परवा म्हणजे परवाच. कारण तेरवा तिथं धनगराची मेंढरं बसायची. मेंढरं बसली की सरवा संपला.

त्या एका दिवसासाठी आम्ही तिघी बहिणी आणि आई उजाडताच खुरपी घेऊन निघायचो. रानात ओल असली तर शेंग अलगद हाती यायची. ओल सुकलेली असली की माती दगडासारखी, देठ तुटायचा आणि शेंग आतच राहायची. अशा वेळी आई ओढू द्यायची नाही. बाजूनं उकरायचं, मग खालून उचलायचं. कोंब फुटलेल्या शेंगा टिकत नाहीत, म्हणून त्या तिथंच खायची आम्हाला मुभा होती. संध्याकाळी अर्धी पायली भरली तर आई परतताना गाणं म्हणायची. ‘फुकटच्या शेंगा आणल्या’ असं कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. दिवसभर वाकलेल्या पाठीचा तिला राग यायचा नाही, त्या एका शब्दाचा यायचा.

तिनं 1972 चा दुष्काळ काढला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी थापल्या होत्या. त्या साली बांधावर हिरवं म्हणून काही उगवलंच नाही, असं ती सांगायची. त्यानंतर उगवलेलं वाया गेलेलं तिला बघवत नसे. मला ते तिच्याकडून आलं. त्यात कंजूषपणा नाही, काकी. घोळ पायाखाली तुडवली जाताना दिसली की माझ्या पोटात कालवतं.

घोळीचे शेंडेच खुडायचे, मूळ राहू द्यायचं, म्हणजे ती परत फुटते. घोळीसारखी दिसणारी, पण तोडल्यावर पांढरा चीक येणारी वनस्पती टाकून द्यायची. पाथरीला मात्र चीक असतोच, आणि ती भाकरीबरोबर कच्ची खातात. म्हणून एका खुणेवर भागत नाही; पान, देठ, वास सगळं बघावं लागतं. आता आणखी एक बघावं लागतं. उसाच्या रानात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, त्यात रुंद पानांची तणं जळतात. तिथल्या बांधावरचं मी काहीच घेत नाही. गटाराच्या कडेचंही नाही. लहानपणी मनात न आलेली ही भीती मला फार जड वाटते.

घरातलं थोडक्यात सांगते. शिळी भाकरी ताकात कुस्करायची, चिंचोके भाजून खायचे, ज्वारीची धसकटं चुलीला, चुलीची राख भांड्यांना, फाटकं लुगडं वाकळेला.

आणि हरभरा. पेरून महिनाभरानं, फुलं यायच्या आधी, त्याचे शेंडे खुडतात. खुडल्यानं फुटवे वाढतात, म्हणून मालक आपणहून बोलवायचे. पानांवर आंब, म्हणजे पानांतून सुटणारा आंबट रस, असते, तिनं बोटांची टोकं काळी पडतात, चिरलेल्या बोटाला तर आग होते. पोटदुखीला देण्यासाठी आज्जी रात्री हरभऱ्यावर धुतलेलं सुती फडकं पसरून ठेवायची आणि पहाटे पिळून आंब बाटलीत भरायची. खुडलेली भाजी धुवायची नाही, आंब जाते. सावलीत वाळवून डब्यात भरली की उन्हाळ्यात, बांध करपलेले असताना, ती डब्यातली भाजी आम्हाला पुरायची.

या जानेवारीत माहेरी जाऊन भावाच्या रानातून ती खुडून आणली. तुम्हाला दारात दिलेल्या पुडीत तीच आहे. लोखंडी कढईत तेल जरा सढळ घ्या, लसूण ठेचून लाल होऊ द्या, सुकी मिरची टाका, पाणी घाला. उकळी आली की भाजी हातानं चुरून सोडा आणि वरून मूठभर ज्वारीचं पीठ भुरभुरत हलवत राहा. मीठ शेवटी, चव घेऊनच. पानांना स्वतःचा खारटपणा असतो.