मिरीची वही, आठवडा सहावा: बेल, सतरंजी आणि आईची भाकरी

आज सकाळचा आकडा आधी सांगतो, कारण तो सांगायला मी कालपासून उतावीळ आहे. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली दाराची बेल दहा वेळा वाजवली, त्यातल्या सात वेळा मिरी न भुंकता थेट जाऊन सतरंजीवर बसली. पहिल्या आठवड्यात हाच आकडा शून्य होता.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: मिरी दीड वर्षाची गावठी कुत्री, रंग नावासारखाच. बेल वाजली की दारावर झेप, मग कुरिअरवाला जिना उतरेपर्यंत आरडाओरडा. त्यावर माझा उपाय म्हणजे तिच्याहून मोठ्यानं ‘गप्प!’ ओरडणं.

वही ठेवायला लागल्यावर पहिला फटका इथेच बसला. मी ओरडलो त्या दिवशी भुंकणं कमी नव्हतं, जास्तच होतं. तिच्या बाजूनं बघा ना: बेल वाजते, ती भुंकते, लगेच घरातला मोठा माणूस धावत येतो आणि तोही भुंकतो! वागण्याच्या परिणामावरून शिकणं, याला पुस्तकी मराठीत साधक अभिसंधान म्हणतात, आणि त्याचा पहिला नियमच असा आहे की जे घडल्यावर वागणं वाढतं ते बक्षीस, कमी होतं ती शिक्षा. देणाऱ्याच्या मनात काय होतं, त्याला काडीची किंमत नाही. त्यात कुरिअरवाला दर वेळी निघून जातोच. तो पार्सल देऊन जातो हे मिरीला कोण सांगणार? तिच्या लेखी तिनं त्याला हाकललं. नको असलेली गोष्ट टळली म्हणून वागणं पक्कं होणं, हे नकारात्मक प्रबलन. आपल्यातले बरेच जण अजूनही याला शिक्षा समजतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता साहित्य. क्लिकर (कुत्र्यानं बरोबर केलं त्याच क्षणी ‘टिक’ वाजवून ‘आता खाऊ’ असं कळवणारी छोटी डबी) विकत घेतला नाही, जत्रेत मिळालेला पत्र्याचा टिकटिक बेडूक वापरतोय. ही काटकसर नाही हो, परंपरा आहे! मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरनं 1951 साली घरच्या घरी कुत्र्याला शिकवण्याबद्दल लिहिलं, तेव्हा अशाच टिकटिक खेळण्याची शिफारस केली होती. खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नाही, तुकडा हरभऱ्याएवढा. एका बैठकीत पंधरा तुकडे, तीन मिनिटं, बस्स. तेवढं तिच्या जेवणातून वजा. पहिले दोन दिवस तिच्याकडून काहीच मागितलं नाही: टिक, तुकडा, टिक, तुकडा. तिसऱ्या दिवशी टिक ऐकताच तिनं माझ्या हाताकडे मान वळवली, तेव्हा खरं काम सुरू केलं. आधी सतरंजीकडे नुसती नजर गेली तरी टिक. मग एक पाय, मग चारही, मग बसणं.

चौथ्या आठवड्यात घोटाळा झाला. मिरी सतरंजीवर जाण्याआधी स्वतःभोवती डावीकडून एक गिरकी घ्यायला लागली. दर वेळी! मला आधी कौतुक वाटलं. नंतर व्हिडिओ हळू करून पाहिला, तर चूक माझीच. ती वळत असतानाच माझा अंगठा दाबला जात होता, बसल्यावर नव्हे. म्हणजे मी पैसे बसण्याचे मोजत होतो आणि खरेदी गिरकीची करत होतो. स्किनरच्या कबुतरांचा 1948 चा प्रयोग आठवला. आठ भुकेली कबुतरं, ती काहीही करोत, ठरावीक वेळानं दाणे समोर येणार. आठपैकी सहा जणांनी आपापला विधी शोधून काढला. एक तर दोन दाण्यांच्या मध्ये घड्याळाच्या उलट दिशेनं गिरक्या घ्यायचं. माझ्या घरात नववं तयार झालं होतं. बैठक थांबवली, दोन दिवस फक्त माझा अंगठा सुधारला: चेंडू टाकायचा आणि तो जमिनीला टेकताक्षणी टिक. करून बघा, वाटतं तेवढं सोपं नाही. गिरकी अजून पूर्ण गेलेली नाही, पण अर्धी झालीय.

दुसरी आघाडी जेवणाच्या ताटाजवळ. जेवताना मिरी पायाशी बसून कुंई-कुंई करते. घरात ठरलं, कोणी काही द्यायचं नाही, बघायचंही नाही. विलोपन, म्हणजे बक्षीसच बंद! पहिले दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी कुंई-कुंईचा भोंगा झाला, ताटावर पंजा आला, समोरच्या काकू दार ठोठावून विचारून गेल्या, ‘बरी आहे ना रे ती?’ (ठोठावल्यामुळे पुन्हा भुंकणं. तो दिवस वहीत धरलेला नाही.) खाऊ बंद झाल्यावर वागणं आधी उसळतं आणि मग ओसरतं, हे मला माहीत होतं. आईला नव्हतं.

पाचव्या दिवशी आईनं भाकरीचा तुकडा खाली सोडला. ‘अरे, एकदाच दिला. किती केविलवाणी बघत होती.’

एकदाच! रोज मिळणारी भाकरी बंद झाली तर कुत्रं लवकर आशा सोडतं. कधी मिळते, कधी नाही, अशी भाकरी मात्र सुटता सुटत नाही. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या माणसाला विचारा. त्यातून तो तुकडा पडला तो ऐन भोंग्याच्या टिपेला, म्हणजे मिरी शिकली की आणखी जोर लावायचा. आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, शिवाय तिच्यावर ओरडून काय वाढतं हे कळलंच आहे. म्हणून नियम बदलला. भाकरी आईनंच द्यायची, पण मिरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे गप्प पडलेली असेल तेव्हाच. आई आता जेवता जेवता डोळ्याच्या कोपऱ्यातून उंबऱ्यावर लक्ष ठेवते आणि तिचं टायमिंग माझ्यापेक्षा सरस आहे. परवा मिरी चौदा मिनिटं हलली नाही.

पुढच्या आठवड्यात खरी बेल आणि दाराबाहेर खरा माणूस. काकूंचा नातू रोज संध्याकाळी पाच वेळा बेल दाबायला तयार झालाय. मोबदला चॉकलेट. ते दर वेळी द्यायचं की अधूनमधून, यावर वाटाघाटी चालू आहेत.