एसटीचं वेळापत्रक आणि सहावीचा इंग्रजीचा तास

आमच्याकडे इंग्रजीचा तास व्हरांड्यातूनसुद्धा ओळखू येतो. एक मुलगा धडा वाचतो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात, बाई ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगतात आणि फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरतात. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. म्हणजे सहावीतल्या पोराच्या गाठीशी पाच वर्षांचं इंग्रजी असतं, पण ‘व्हॉट टाइम इज युवर बस?’ असं विचारलं की ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतं.

म्हणून मी इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांची वाट धरली. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांत त्यांनी वेगळाच प्रयोग केला. व्याकरणाचा ठरलेला क्रम बाजूला ठेवला आणि मुलांना नकाशे, वेळापत्रकं अशी डोकं चालवायला लावणारी कामं दिली. मन उत्तर शोधण्यात गुंतलं की भाषा आपसूक आत उतरते, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं कुठल्या परदेशी गुळगुळीत वर्गात नाही, आपल्यासारख्याच शाळांत झालं, हे मला जास्त भावतं.

मी फळ्यावर पाटण–कराड गाड्यांचा तक्ता काढते. गावं खरी, वेळा माझ्या मनाच्या. लगेच ओरड होते, ‘बाई, सव्वाआठची गाडी असतीय कुठं!’ मग इंग्रजीत प्रश्न: आजीला अकराच्या आत कराडच्या दवाखान्यात पोचायचंय, स्टँडवरून चालत वीस मिनिटं, तर कुठली गाडी? पहिलं उदाहरण सगळे मिळून तोंडी सोडवतो, दुसरं ज्याचं त्यानं.

एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा एकजण उठला. ‘टेन ओ’क्लॉक बस नो. आजी लेट. डॉक्टर गो होम.’ मी म्हटलं, ‘येस, शी विल बी लेट. द डॉक्टर विल गो होम. सो व्हिच बस?’ चूक दाखवली नाही, नीट वाक्य फक्त पुढच्या बोलण्यात ओवलं. त्याला पडली होती आजीची. ‘नाइन बस. शी विल... नो लेट.’ अर्धं ‘विल’ तर आलं!

गटात बसवा, असं प्रशिक्षणात हमखास सांगतात. प्रभूंनी गटकाम टाळलं होतं आणि मलाही ते पटतं. पाच पोरं एकत्र आली की दोन मिनिटांत अस्सल पाटणी मराठी सुरू होते आणि उत्तर एकटा हुशार काढतो. व्याकरणाचं मात्र मी त्यांचं सगळं ऐकत नाही. पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, पालक विचारतात, त्यामुळे एक तास काळ आणि अव्ययांना जातोच.

खरी मेहनत लागते प्रश्न बेतायला. सोपा झाला तर ‘नाइन’ एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो, अवघड झाला तर पोरं खिडकीबाहेर. साधारण निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमावं, हा प्रभूंचा अंदाज मला फार उपयोगी पडतो. पुढच्या आठवड्यात पाटणहून पुण्याला जायचंय, कराडला गाडी बदलून. त्यातली एक गाडी मी ऐनवेळी रद्द करणार आहे.