रॅपिडमध्ये निखळलेला खांदा

नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की ‘आपण कुठे तिथे जाणार आहोत’ म्हणून माणूस पुढे वाचत नाही, आणि माझ्या बाबतीत जे झालं ते कुठल्याही वाहत्या पाण्यात होऊ शकतं.

बर्फ वितळून वाहणारी नदी, राफ्टिंगच्या एका बोटीत आम्ही सहा जण आणि गाइड, शिवाय सोबतीला दुसरी बोट. वाटेत तिसऱ्या श्रेणीचे चार रॅपिड, म्हणजे नदीचे वेगाने उसळत वाहणारे टप्पे. श्रेणी १ ते ६ अशा मोजतात. तिसरीत लाटा मोठ्या आणि वेड्यावाकड्या असतात, पण गाइड बरोबर असेल तर नवख्यांनाही नेतात. आमच्यात दोघांची पहिलीच वेळ होती, माझी तिसरी.

सकाळी निघायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात बोट पाण्यात जायला अडीच वाजले. बर्फाच्या नदीत हा फरक साधा नसतो. उन्हाने वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढत जातं. गाइड काठावरच्या एका खडकाकडे बघून म्हणालाही, “पाणी चढलंय.” तेव्हाच विचारायला हवं होतं, की चढलेल्या पाण्यात हे रॅपिड तिसऱ्या श्रेणीचेच राहतात का? आम्ही कुणीच विचारलं नाही. तुम्ही विचारा. चांगला गाइड या प्रश्नाने रागावत नाही.

निघण्याआधी काठावर पंधरा मिनिटं सूचना झाल्या. वल्ह्याची मूठ सोडू नका, पाण्यात पडलात तर पाठीवर या, उभे राहू नका. सगळं नीट ऐकलं, पाठही झालं. पण संथ पाण्यात एकदा मुद्दाम पडून, दोर पकडून, परत बोटीत चढून पाहिलं नाही. मला सगळ्यात जास्त खंत याचीच वाटते. ऐकलेलं कानात राहतं, अंगात उतरत नाही.

पहिले दोन रॅपिड मजेत गेले. तिसऱ्यात बोट आडवी होऊन खडकाला लागली. गाइड ओरडला, “हाय साइड!” म्हणजे सगळ्यांनी खडकाच्या बाजूला अंग झोकायचं, नाहीतर प्रवाहाकडची कड खाली दबते आणि बोट उलटते. मला अर्थ आठवायला क्षणभर लागला. तेवढ्यात माझ्या बाजूने पाणी आत चढलं आणि मी बाहेर.

गार पाण्याचा पहिला धक्का छातीला बसतो. श्वास आपोआप आत ओढला जातो, आपण ठरवून काहीच करत नाही. साधारण मिनिटभर ती धाप टिकते. त्या वेळात पोहण्याची घाई न करता तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास सोडत राहायचं असतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी घोटभर पाणी प्यायले आणि समोर दिसलेला बोटीचा बाहेरचा दोर उजव्या हाताने घट्ट पकडला. एकाच हाताने, कोपर सरळ ठेवून.

बोट खडकावरून सुटली आणि गर्रकन फिरली. माझं अंग खडकामागच्या संथ पाण्यात, बोट मुख्य प्रवाहात. हात डोक्याच्या वर आणि मागे ओढला गेला. खांद्यात काहीतरी सरकल्याचं कळलं. आवाज आला की नाही ते सांगता येत नाही, पण बोटं आपोआप सुटली.

दोर पकडणं चूक नव्हतं. पकडण्याची पद्धत चुकली. कोपर वाकलेलं आणि छातीजवळ हवं, जमल्यास दोन्ही हात. बोट जास्तच ओढायला लागली तर सोडून द्यायचं. आणि बोटीच्या खालच्या अंगाला, म्हणजे बोट आणि पुढचा खडक यांच्या मध्ये, कधीही राहायचं नाही.

थोडं पुढे काठाजवळ पाणी कमरेएवढंच दिसत होतं. उभं राहावं असं फार वाटलं. पण पाय दगडांच्या फटीत अडकला तर मागून येणारं पाणी माणसाला पुढे पाडतं आणि तिथेच दाबून ठेवतं, कमरेएवढ्या पाण्यातही. मी पाठीवर, पाय वर आणि पुढे करून वाहत राहिले. दुसऱ्या बोटीतून दोराची पिशवी फेकली गेली, ती डाव्या हाताला लागली. यात पिशवी नाही, दोर धरायचा असतो. तो खांद्यावरून छातीशी घ्यायचा आणि हाताला कधीही गुंडाळायचा नाही. गाइडने माझा लोंबणारा हात बघितला आणि लाइफ जॅकेटचा फक्त डावा पट्टा धरून मला आत घेतलं.

काठावर एक जण म्हणाला, “झटका दिला की बसतो, मी बघितलंय.” गाइडने त्याला थांबवलं. “ताई, कुणालाही हात ओढू देऊ नका.” काखेतून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, हाडालाही चीर गेलेली असू शकते, म्हणून एक्स-रेआधी माहिती नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. त्याने मनगटाची नाडी पाहिली, बोटं हलवायला सांगितली. दंडाच्या बाहेरच्या बाजूला मला तळहाताएवढा भाग बधिर लागत होता. ते त्याने लक्षात ठेवलं आणि पुढे डॉक्टरांना सांगितलं. हात जसा होता तसाच, मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवून बांधला. सूज यायच्या आत अंगठी काढली. ओला शर्ट ओढून न काढता कापला, कोरडं पांघरूण दिलं. खायला-प्यायला काही दिलं नाही, कारण खांदा बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं.

रुग्णालयात पोचायला पावणेतीन तास लागले. त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, प्रत्येक खड्डा आठवतो एवढंच. एक्स-रे, गुंगी, खांदा बसवला, परत एक्स-रे. सांध्याचा गोळा पुढे निखळला होता, बहुतेकांचा तसाच निखळतो. हाड मोडलं नव्हतं. तीन आठवडे हात झोळीत होता, मग व्यायाम. बधिरपणा जायला दीड महिना लागला.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी घरूनच करून निघाव्यात. प्रवास विम्यात साहसी खेळ आहेत का ते वाचा. कित्येक पॉलिसींत ते वगळलेले असतात किंवा वेगळा हप्ता भरून घ्यावे लागतात, आणि काहींत रॅपिडची श्रेणीही ठरवून दिलेली असते. दुसरं, खांदा आधी कधी निखळला असेल तर गाइडला सांगा आणि डॉक्टरांना विचारूनच बोटीत बसा, कारण एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायला सोपा असतो, तरुणांचा तर जास्तच.

लाइफ जॅकेट घातलं की सोबत्याला दोन्ही खांद्यांचे पट्टे वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आले तर जॅकेट सैल आहे. आणि बोट सुटण्याआधी गाइडला म्हणा, आम्हाला एकदा संथ पाण्यात पडून बघायचं आहे. तो वेळ नाही म्हणाला, तर त्या दिवशी मी बोटीत बसणार नाही.

खांदा बसवून आता पाच महिने झाले. काल पहिल्यांदा उजव्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढला. पाण्यात कधी जायचं हे अजून डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मीही विचारायची घाई केलेली नाही.