सर्व्हेक्सनंतर आता थेरियन: गुहेच्या नकाशाची प्रगती

गुहेतल्या मोजणीचा हिशोब करणाऱ्या सर्व्हेक्सवर हात बसला आणि त्या मोजणीवरून नकाशा काढणारं थेरियन सुरू केलं. दोन्ही सॉफ्टवेअरच्या मुळाशी मला एकच शिस्त दिसते, आणि ती कळल्यापासून शिकणं फार सोपं झालं: गुहेत वहीत लिहिलेला आकडा पुढे कधीही बदलायचा नाही.

टेपचं टोक तुटलेलं असेल किंवा कंपास अंशभर जास्त दाखवत असेल, तर प्रत्येक रीडिंगची बेरीज-वजाबाकी करून ते फाइलमध्ये भरण्याचा मोह होतो. सर्व्हेक्समध्ये त्याची गरजच नाही. ‘कॅलिब्रेट’ची एक ओळ वर लिहायची, खाली आकडे वहीत आहेत तसेच. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक काळानुसार सरकत राहतो. ठिकाण आणि मोजणीची तारीख दिली की तोही सॉफ्टवेअरच काढतं. म्हणून तारखेची ओळ टाळू नका. पुढे अनेक वर्षांनी कुणी गुहेची दुसरी शाखा मोजून जोडली, तरी दोन्ही तुकडे एकाच उत्तरेला धरून बसतील.

सगळ्यात जास्त वेळ लूपवर, म्हणजे फिरून सुरुवातीच्याच जागी येणाऱ्या मोजणीवर दिला, आणि तो सत्कारणी लागला. सरावासाठी एक काल्पनिक लूप टाइप केला आणि त्यातल्या 8 मीटरच्या एका आडव्या लेगची (दोन स्टेशनांच्या, म्हणजे मोजणीच्या बिंदूंच्या, मधला एक टप्पा) दिशा मुद्दाम 180 अंशांनी उलटवली. कंपास उलट्या टोकाकडून वाचला गेला तर नेमकं हेच होतं. हिशोबाने लूप 16 मीटर उघडा राहायला हवा. पण एव्हन या सर्व्हेक्सच्या चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये चित्र उघडलं तर लूप पूर्ण बंद! सर्व्हेक्सच्या किमान वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी पद्धत) ते 16 मीटर लूपमधल्या सगळ्या लेगवर वाटून टाकले होते. गुहा फक्त विचित्र वाकलेली दिसत होती. चुका लहान आणि विखुरलेल्या आहेत, असं ही पद्धत धरून चालते. 10 मीटरच्या लेगवर कंपास एक अंश चुकला तर टोक साधारण 17 सेंटिमीटर सरकतं. असल्या चुका ती उत्तम सांभाळते. घोडचूक मात्र ती तितक्याच शांतपणे सगळीकडे पसरवते.

मग शेजारी दुसरा लूप जोडला, उलटवलेला लेग दोघांत सामाईक राहील असा. आता दोन्ही लूप बिघडलेले दिसले, पण दोघांना बाहेरून वळसा घालणारा मोठा लूप बरोबर जुळत होता. म्हणजे संशय थेट मधल्या वाटेवर. एकट्या लूपमध्ये हे कधीच कळलं नसतं. त्यामुळे गुहेत दोन वाटांना जोडणारी आडवी फट दिसली, तर ती कितीही कंटाळवाणी असो, मोजून घ्यावी असं माझं ठाम मत झालं आहे. आणि सर्व्हेक्स चालवल्यावर आधी त्रुटींची फाइल वाचायची, चित्र नंतर. कुठला तुकडा किती लांब, त्यात लेग किती आणि तो किती सरकला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

थेरियन हीच शिस्त रेखाटनाला लावतं. मार्टिन बुदाय आणि स्टाखो मुद्राक या स्लोव्हाक गुहाप्रेमींचं हे काम मला खरोखर थोर वाटतं. स्केचचं स्कॅन मागे ठेवून त्यावर भिंती गिरवायच्या आणि स्टेशनांच्या जागी खुणा करायच्या. नंतर लूप जुळताना स्टेशनं हलली, की गिरवलेल्या भिंतीही त्यांच्यासोबत ताणल्या किंवा वळवल्या जातात. नकाशा पुन्हा काढावा लागत नाही.

नवशिक्यांनी एक नियम आधीच पाठ करावा: रेघ ओढताना मोकळी जागा डाव्या हाताला, खडक उजव्या. भिंतीच्या डावीकडे वाटेचा आतला भाग, खड्ड्याच्या कडेच्या डावीकडे खोल बाजू. रेघ उलटी पडली तर पुसू नका, ती फिरवण्याचा पर्याय आहे. चिन्हांची यादी लांबलचक आहे. ती लागेल तशी बघितली तरी चालतं.

सध्या उलगडलेल्या उभ्या छेदावर, म्हणजे वळणाची वाट सरळ पसरवून बाजूने दाखवणाऱ्या चित्रावर, अडलो आहे. वाट जिथे लूप करून स्वतःलाच मिळते, तिथे छेद कुठल्या स्टेशनवर तोडायचा? मी सध्या सर्वांत अरुंद जागा निवडतो आहे, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेतून मोठं दालन तुटत नाही. तुम्ही कुठे तोडता, आणि का, ते नक्की सांगा.