बटणांच्या डब्यातली हत्यारं

जुन्या खेळण्यांच्या धंद्यात खेळणं मिळणं सोपं, त्याच्या हातातली काडीएवढी वस्तू मिळणं अवघड. बाहुला चाळीस-पन्नास वर्षं टिकतो; त्याची बंदूक पहिल्याच सुट्टीत पलंगाखाली जाते आणि केरात निघते. म्हणून मंगळवार पेठेतल्या एका घरून बोलावणं आलं तेव्हा मी फारशी आशा धरली नव्हती.

काकूंनी शोकेसमधले चार बाहुले टेबलावर मांडले. "थोरल्या दिरांच्या पोराची खेळणी. अमेरिकेतनं परत आले तवा आणलेली. आता घर रंगवायला काढलंय. तुम्ही नेताय, का भंगारात घालू?"

पावणेचार इंची मापाचे, केनर कंपनीचे, 'स्टार वॉर्स'मधले. ल्यूक, लेया, च्युबाका आणि ठेंगणा आर-टू-डी-टू. पाचवा कुणीच नाही. हे बघितलं आणि मी सरसावून बसलो.

1977 साली चित्रपट तुफान चालला, पण नाताळापर्यंत केनरचे बाहुले तयारच झाले नव्हते. तेव्हा कंपनीनं दुकानात नुसतं पाकीट विकलं. आत खेळण्याऐवजी कुपन. ते भरून पाठवलं की 1978 मध्ये टपालानं चार बाहुले घरी येत. ते नेमके हेच चौघं.

"ह्यांच्याबरोबर बारीक बंदुका होत्या का हो काकू?"

त्या आत गेल्या आणि बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "ह्यात काय काय पडलेलं असतंय बघा." हूक, सुया, ब्लाउजची बटणं, आणि तळाशी लेयाचं पिस्तूल नि च्युबाकाचं धनुष्यासारखं हत्यार! घरातल्या बायकांच्या या डब्यांनी जेवढं वाचवलंय, तेवढं आम्हा संग्राहकांनीही वाचवलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता राहिला ल्यूक. त्याची पिवळी तलवार उजव्या हातातच बसवलेली असते. हाताच्या खाचेतली कळ सरकवली की पातं बाहेर येतं. अगदी सुरुवातीच्या काही बाहुल्यांत त्या पात्याच्या पोटातून आणखी एक बारीक पातं निघायचं. कंपनीनं ती रचना लवकरच सोडून दिली. टपालानं आलेल्या प्रत्येक ल्यूककडेही ती नसते, आणि बाजारात तर आतलं पातं चिकटवून केलेले नकली ढीगभर. त्यामुळे भिंग लावून आधी टोक तपासलं. डिंकाचा मागमूस नव्हता. मग कळ हळूच पुढं ढकलली. पातं आलं. नखानं टोकाला जरासं ओढलं, आणि आतून दुसरं, सुईसारखं पातं सरळ बाहेर आलं!

हात थरथरत होते. काकू म्हणाल्या, "पाणी आणू का?"

पाणी पिऊन मी त्यांना सगळं समजावलं. असला माल गप्प राहून भंगाराच्या भावात उचलणारे आहेत. मला ते जमत नाही. त्यांनी पुण्यातल्या पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याला लहानपणचं काही आठवत नव्हतं, पण किमतीचा अंदाज ऐकून तो बराच वेळ बोललाच नाही. शेवटी लिलावात पाठवायचं ठरलं, कमिशनवर, माझ्यामार्फत.

"ल्यूकला एकट्यालाच पाठवू या, बाकीचे राहू देत शोकेसमध्ये," पुतण्या म्हणाला. तेवढं मात्र मी ऐकलं नाही. चौघं सोबत आहेत म्हणून तर ते कुठून आले ते कळतंय. चौघं आणि डब्यातली दोन्ही हत्यारं एकाच पेटीत जातील, नाहीतर मी पाठवणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. काकूंनी लगेच पुतण्याला दटावलं, "ते म्हणतात तसंच कर रे."