उभ्या ट्रकला मागून धडकला, म्हणून सगळी चूक दादाचीच?

डिसेंबर २०२२. रात्री साडेआठला पिंपळगावहून नाशिककडे येताना आग्रा रोडवर दादाची मोटारसायकल कांद्याच्या ट्रकवर मागून आदळली. ट्रकचा टायर फुटला होता आणि ड्रायव्हरने गाडी बाजूला न घेता रस्त्यातच उभी केली होती. दादाच्या डाव्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. ऑपरेशनसाठी वहिनीने पाटल्या मोडल्या.

चौथ्या दिवशी एफआयआरची नक्कल मिळाली. गुन्हा दादावरच! हयगयीने गाडी चालवून उभ्या ट्रकला धडक दिली म्हणे. नातेवाईक म्हणाले, "मागून धडकलाय, आता कसली भरपाई?" मलाही तसंच वाटत होतं. वकीलबाईंनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "ट्रकचे मागचे दिवे चालू होते का?"

पंचनाम्यात दिव्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पुन्हा जागेवर गेलो. समोरच्या ढाब्यावरच्या पोराने त्या रात्री मोबाईलवर फोटो काढले होते. ताडपत्री एवढी लोंबत होती की उजवा दिवा पूर्ण झाकला गेला होता, रिफ्लेक्टरवर वाळलेला चिखल. इशाऱ्याचा त्रिकोण कुठेच नाही. मागे दोन दगड आणि बाभळीची एक फांदी. आमचा सगळा दावा त्या फोटोंवर उभा राहिला. इतरांना धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे, हे मला तेव्हा कळलं. फोटो जोडून पोलिसांच्या वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठे ड्रायव्हरवरही आरोपपत्र गेलं.

एमपरिवाहन ॲपवर ट्रकचा नंबर टाकला. विमा चालू होता, फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला, अपघाताच्या दोन महिने आधीच संपलेला. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. त्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघेही सामनेवाले. ड्रायव्हर मालकाच्या कामावर होता, त्यामुळे त्याच्या चुकीची भरपाई मालकावर येते. ड्रायव्हरचा मला फार राग होता. पण साक्षीत तो म्हणाला, "टायरच्या तारा दिसत होत्या, शेठला सांगितलं होतं. ते म्हणाले, एवढी खेप होऊ दे." त्यानंतर त्याच्यावरचा राग टिकला नाही.

सगळ्यात जास्त दमवलं ते उत्पन्नाच्या पुराव्याने. शेतकऱ्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार? सातबारा, द्राक्षविक्रीच्या पट्ट्या म्हणजे पावत्या, बँकेचं पासबुक असं सगळं जोडलं. सिव्हिलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं, पण तेवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागलं. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो आणि दादाला तो आता दाबता येत नाही, हे त्यांनी नीट सांगितलं. त्यावरून कमाईचं नुकसान धरलं गेलं. वय ३८, त्या वयाला ठरलेला गुणक १५, म्हणून वर्षाच्या नुकसानीला १५ ने गुणलं.

निकालात ७० टक्के दोष ट्रकचा, ३० टक्के दादाचा धरला. दादाने ते मान्य केलं, त्याचाही वेग होता. फिटनेस नसल्याने कंपनीने आधी आम्हाला द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश झाला. व्याज दावा दाखल केल्या तारखेपासून. निम्मी रक्कम मुदत ठेवीत ठेवायला लावली. उरलेल्यातून सगळ्यात आधी वहिनीच्या पाटल्या केल्या.